ती ऐकून राहिली होती

लग्नाच्या मांडवात मला हमखास एक प्रश्न विचारला जातो. "तुम्ही ऑपरेशन करत नाही ना? मग नेमकं करता काय?" मी सांगते, भूल देते. समोरच्याचा चेहरा पडतो. आमच्या एका आतेसासूबाईंनी तर चारचौघींत हात नाचवून विचारलं होतं, "एवढं शिकून नुसती सुई टोचतेस वं?" मी म्हटलं, "हो आत्याबाई, नुसती सुई. तुमच्या मोतीबिंदूच्या वेळी मात्र ती सुई कोण टोचणार आहे, ते आधी विचारून ठेवा." त्या दिवसापासून त्या मला वाढताना एक पुरी जास्तच घालतात.

मला माझं काम येतं. हे मी उगाच लाजत सांगत नाही. फुलचूरला आमचं घर, दाराशी माझी जुनी गाडी, गाडीत माझी बॅग. सकाळी एका दवाखान्यातून फोन येतो, दुपारी दुसऱ्या. जिल्हाभर धानाच्या बांध्यांमधून गाडी हाणत मी भूल देत फिरते. शहरातल्या दवाखान्यांत हिंदी चालते, गावाकडच्या पेशंटशी मी आमच्या झाडीबोलीत बोलते. टेबलावर घाबरून आडवी झालेली बाई आपल्या भाषेचे दोन शब्द ऐकले की अर्धी सैल पडते. पुस्तकात हे औषध लिहिलेलं नाही, पण मी ते सर्वांत आधी देते.

आणखी एक खोड आहे माझी. मी माझी औषधं स्वतः भरते आणि प्रत्येक सिरिंजवर पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहिते. मोठ्या अक्षरात, पोरांच्या पाटीवर लिहावं तसं. यावरून माझी भरपूर थट्टा होते. "मॅडम, हमारे ऊपर भी लेबल लगा दो," असं एक सर्जन नेहमी म्हणतो. मी एकदा खरंच त्याच्या पाठीवर 'सर्जन' अशी पट्टी चिकटवून दिली. बिचारा तसाच राउंडला जाऊन आला.

थट्टा करोत बापडे. भुलीची बहुतेक औषधं दिसायला पाण्यासारखी. एक झोपवतं, एक उलटी थांबवतं, एक रक्तदाब वर आणतं, आणि एक अख्ख्या अंगाचे स्नायू लुळे करून टाकतं, श्वास घेणारेसुद्धा. सिरिंजमध्ये भरली की सगळी सारखी. जीभ लावून तर ओळखायची नाहीत ना.

मी सांगते आहे तो दवाखाना इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावांकडचा. खासगी, लहान, एका बाळंतपणाच्या डॉक्टरांचा. त्यांच्याकडे वर्षानुवर्षं एक म्हातारे भूलतज्ज्ञ यायचे. अतिशय शांत, अतिशय हुशार गृहस्थ. ते पट्ट्याबिट्ट्या लावत नसत. त्यांची स्वतःची एक रीत होती. सगळ्यांत लहान सिरिंजमध्ये उलटीचं औषध, त्याहून मोठ्यात रक्तदाबाचं, सगळ्यांत मोठ्यात झोपेचं. स्नायू लुळे करणारं औषध ते ट्रेमध्ये ठेवतच नसत, लागलं तर त्या क्षणी कुपी फोडत. थिएटरमधली सिस्टर त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. ती आकार बघून औषध ओळखायची, आणि इतक्या वर्षांत तिचं एकदाही चुकलं नव्हतं. साहेबांचे गुडघे गेले, त्यांनी काम सोडलं, ते नागपूरला लेकाकडे गेले. त्यांची रीत मात्र दवाखान्यातच राहिली.

मग डॉक्टर मला बोलवायला लागले. मी गेले, माझी औषधं भरली, पट्ट्या लावल्या. स्नायू लुळे करणारं औषध मी आधीच भरून ठेवायची. पेशंट गचकन बिघडला तर कुपी फोडत बसायला वेळ कुणाला आहे? मात्रा थोडी असते म्हणून ते मावायचं सगळ्यांत लहान सिरिंजमध्ये. त्याच्यावर पट्टी, पट्टीवर ठसठशीत नाव. माझ्या मते विषय संपला.

त्या दिवशी टेबलावर होती एक पंचविशीच्या आतली बाई. पहिलटकरीण. गावच्या बचतगटाचा हिशेब ती ठेवायची, मोबाइल भराभर चालवायची, आणि तोंडाने अखंड बोलायची. कमरेत सुई देताना बोलली, पाय बधिर होताना बोलली. "बाई, माहे पाय कोनाचे दुसऱ्याचेच वाटून राहिले जी." मी म्हटलं, "तुझेच आहेत, घरी नेताना मोजून नेजो." ती फसकन हसली. हिरव्या पडद्यापलीकडे डॉक्टरांनी पोट उघडलं तरी तिला कळलं नाही.

बाळ निघालं. मुलगी. निघाली ती गपगार, निळसर. आमच्याकडे लहान दवाखान्यांत बालरोगतज्ज्ञ उभा नसतो, बाळ रडलं नाही की हाक भूलवालीलाच. मी आईच्या डोक्याकडून उठून कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेले, पोरीचं तोंड साफ केलं, पाठ चोळली, जरासा ऑक्सिजन दिला. मागे आई विचारतच होती. "पोट्टी हाय का पोट्टा? बाई, काऊन रडून नाही राहिलं जी लेकरू?" तेवढ्यात तिला मळमळायला लागलं. कमरेत भूल दिल्यावर रक्तदाब उतरतो, त्यात मळमळ होते, नेहमीचंच आहे. डॉक्टरांनी शिवता शिवता मान वर न करता सांगितलं, "सिस्टर, उलटी का लगा दो."

आणि सिस्टरने ट्रेमधली सगळ्यांत लहान सिरिंज उचलली.

इकडे पोरीने एकदाचा टाहो फोडला. काय सांगू, तो आवाज ऐकून प्रत्येक वेळी माझ्या छातीतलं ओझं उतरतं. मी वळून आईला सांगणार, "घे, रडली तुझी बाई," तर आई गप्प. इतका वेळ चालू असलेलं तोंड एका शब्दाच्या मध्यात थांबलं होतं. मला आधी ती शांतता टोचली. मग दिसलं, तिच्या पापण्या फडफडत होत्या, गालांवर आणि मानेवर कातडीखाली बारीक सळसळ चालली होती. ही सळसळ जगात एकाच औषधाने अशी होते. रक्तातला ऑक्सिजन घटेल तसा मॉनिटरच्या टिकटिकीचा सूर खाली खाली उतरायला लागला.

बाळ दाईच्या हातात दिलं आणि धावले. मास्क तिच्या तोंडावर बसवला, ऑक्सिजन पूर्ण सोडला, मास्कला जोडलेली हवेची बॅग दाबली. छाती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर आली. सिस्टरला म्हटलं, "गळ्यावर इथे दाबून धर, पोटातलं वर येता कामा नये. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही." तिने दाबून धरलं. शेवटपर्यंत सोडलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

माझे हात अशा वेळी कापत नाहीत. हात आपलं काम करतात आणि डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात एकच गोष्ट खणखणत होती. ही जागी आहे. हिला झोपेचं औषध गेलेलंच नाही. कमरेखालचं अंग बधिर, वरचं लुळं, पण कान, मेंदू, भीती, सगळं शाबूत. श्वास घ्यायचा आहे आणि छाती ऐकत नाही. ओरडायचं आहे आणि ओठ हलत नाहीत. झोपेचं औषध द्यावं म्हटलं तर रक्तदाब आधीच तळाला गेलेला, तो आणखी पाडून मला तिला गमावायचं नव्हतं. हे लुळेपण काही मिनिटांत आपोआप उतरणारं. मी ठरवलं, हातांनी श्वास द्यायचा आणि तोंडाने बोलत राहायचं.

आमच्याकडे बायाही "मी जातो, मी करतो" असंच म्हणतात. तिच्या कानाशी वाकून मी तिच्या भाषेत सुरुवात केली.

"ऐक वं माय. तू मेली नाहीस. तुले चुकीचं इंजेक्शन गेलं हाय. त्यानं अंग लुळं झालं, म्हणून तुले दम घेता येऊन नाही राहिला. तुह्या वाटचा दम मी देऊन राहिलो. हा पाह्य, गेला आत. हा दुसरा. थोड्या वेळानं औषध उतरते, मंग तू आपली तू घेजो. पोट्टी झाली तुले. रडून राहिली, ऐक. केस लय हायेत तिले."

पडद्यावरून डॉक्टरांनी डोकावलं. त्यांचे हात पोटात, मास्कवरचे डोळे पांढरे झालेले. "क्या हुआ मैडम? बेहोश हो गई?"

"बेहोश नहीं है. गलत इंजेक्शन गया है. सुन रही है सब."

"अरे, आँखें तो बंद हैं." मग आवाज जरा खाली आणून, पण इतकाही खाली नाही, "देखो, संभल गई तो घरवालों को कुछ मत बोलना. कमजोरी से चक्कर आया, बस. और इसको क्या समझता है."

माझं डोकं असं सणकलं, की हातात बॅग नसती तर काय केलं असतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "डॉक्टर, आप टाँके लगाओ. मुँह बंद." अख्ख्या गावाचा पोशिंदा असल्यासारखा तो माणूस वावरतो, त्याला असं कुणी बोललेलं नसावं. तो खाली बघून शिवायला लागला. मी पुन्हा तिच्या कानाशी गेले. सांगत राहिले. हा दम गेला. रक्तदाब वर आला. तुझी सासू बाहेर बसली आहे. पोट्टी आता चूप झाली, दाईनं गुंडाळलं तिले. जे खरं होतं तेवढंच सांगत होते, एक शब्द रचून नाही.

मग हातातल्या बॅगला तिकडून हलकीशी ओढ जाणवली. तो तिचा श्वास होता, अगदी चिमूटभर. नंतर आणखी एक. बोट हललं. पापणी अर्धवट उघडली, मिटली, पुन्हा उघडली. बुबुळ माझ्याकडे वळलं. मी तिला म्हटलं, "आली का वं?" तिने पापणी मिटून उघडली. देवा रे! इतकी वर्षं झाली या धंद्यात, पण त्या वेळी मला तिला कुशीत घ्यावंसं वाटलं. मास्क धरायचा होता म्हणून नाही घेतलं.

पेशंट बाहेर गेल्यावर मी ट्रे बघितला. माझी पट्टी सिरिंजवर जशीच्या तशी होती, नाव ठसठशीत. सिस्टर भिंतीला टेकून उभी. मी भडकले. जे तोंडात आलं ते बोलले, आणि माझ्या तोंडात बरंच येतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मॅडम, लहान सिरिंज म्हणजे उलटीचं. म्हाताऱ्या सरांपासून तसंच हाय. मी वाचलंच नाही जी. आमच्या इथं सिरिंजवर काही लिहिलेलं राहातच नव्हतं."

माझा पारा तिथल्या तिथे उतरला, असं मी म्हणणार नाही, पण ती काय म्हणते आहे ते कळलं. त्यांची रीत बरोबर होती, माझी रीतही बरोबर होती. दोन्ही एका ट्रेमध्ये आल्या आणि मध्ये टेबलावर ती पोरगी होती. नंतर एक दोन मित्रांनी माझी समजूत घातली, "तुझं लेबल होतं ना, मग तू सुटलीस." कशाची सुटले? लेबल काय माझ्या वकिलासाठी लावते का मी? आता मी कुठल्याही दवाखान्यात पाय ठेवला की पहिलं वाक्य हेच बोलते, माझ्या ट्रेला माझ्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही, आणि मला बाळाकडे जावं लागलं तरी मी येईपर्यंत पेशंटला मळमळू दे. ते लुळं करणारं औषध आता वेगळ्या डबीत, झाकण लावून, माझ्या बॅगेतच असतं. त्या दवाखान्यात सिरिंजच्या आकाराची भाषा मी बंद करून टाकली. सिस्टर आता सिरिंजवरचं नाव मोठ्याने वाचल्याशिवाय हातही लावत नाही. थट्टा आता तिचीही होते.

पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी दुपार कलल्यावर डॉक्टर वॉर्डात निघाले तशी मीही त्यांच्या मागे निघाले. ते जिन्यातच थांबून म्हणाले, "मैडम, आप रहने दो. मैं बोल देता हूँ." मी म्हटलं, "बोला ना. मी ऐकायला येते." सिस्टरही आमच्या मागून आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

बाळंतीण उशीला टेकून बसलेली. चेहरा ओढलेला, पण रंग परत आलेला. पोरगी तिच्या कुशीत. सासू स्टुलावर बसून डब्यातला शिरा चमच्याने हलवत होती. नवरा दाराशी उभा. डॉक्टरांनी हसून सुरुवात केली, मोडक्या मराठीत. "सब ठीक आहे, माताजी. मधे जरा कमजोरीमुळे चक्कर आली होती. औषध दिलं, आराम झाला."

सासूने हात जोडले. "तुमी होते म्हणून साहेब."

मी तोंड उघडणार तोच बाळंतीण बोलली. आवाज घोगरा, पण शब्द मोकळे. "चक्कर नाही आली जी मले. चुकीचं इंजेक्शन गेलं. या बाईनं मले तवाच सांगतलं."

सासूचा चमचा डब्यातच राहिला. डॉक्टर म्हणाले, "नाही नाही, तू बेहोश होती ना, असं भास होते."

"मी ऐकून राहिलो होतो," ती म्हणाली. "तुमी म्हणत होते, घरच्यायले काही सांगू नोका. अन् इले काय समजते म्हणे. समजलं जी मले. सगळं समजलं."

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, मदतीला गेले नाही. मग त्यांनी दुसरं स्टूल ओढलं, बसले, आणि जे झालं होतं ते सगळं सांगितलं, हिंदीत, थांबत थांबत, काही न लपवता. चूक आमच्या थिएटरची, असं म्हणाले. जे राहिलं ते मी सांगितलं. नवरा पुढे आला, त्याच्या मुठी वळलेल्या. "कोनं टोचलं?" त्याने विचारलं.

मी म्हणणार होते, ट्रे माझा होता, विचारायचं ते मला विचार. त्याआधीच सिस्टर म्हणाली, "माह्या हातून गेलं."

नवरा तिच्याकडे वळला. बाळंतिणीने सिस्टरकडे बघितलं. मला वाटलं आता ही मोठ्या मनाने काहीतरी बोलेल, कारण आमच्या बायांना तसं बोलायची सवय लावलेली असते. ती तसलं काही बोलली नाही.

"त्याच्यावर नाव लिहिलं होतं ना जी?" तिने विचारलं.

"हाव."

"वाचता येते ना तुमाले? मंग वाचत जा बाई."

एवढं म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. आधी हुंदका आला, मग ती मोठमोठ्याने रडायला लागली, अंग गदगदा हलवून, टाके दुखत होते तरी. कुशीतली पोरगी दचकून जागी झाली आणि तीही रडायला लागली. सासू घाबरून उठली, पदराने सुनेचे डोळे टिपायला लागली. "चूप वं माय, चूप. ओली बाळंतीण हायेस, रडू नोको. डोरे जातेत."

मी सासूचा हात धरून तिला पुन्हा स्टुलावर बसवलं. म्हटलं, "रडू द्या तिले, मावशी. टेबलावर तिले रडताच येऊन नाही राहिलं होतं."